जॉर्ज कोल्टानोव्स्की : बुद्धिबळाचे प्रचारक

बुद्धिबळाचा इतिहास बहुधा जगज्जेत्यांच्या नावांनी सांगितला जातो. परंतु एखाद्या देशात हा खेळ रुजण्यासाठी तो सामान्य माणसापर्यंत नेणारे प्रचारकही लागतात, आणि अमेरिकेतील अशा प्रचारकांमध्ये जॉर्ज कोल्टानोव्स्की यांचे स्थान अग्रभागी आहे.

१९०३ मध्ये बेल्जियममधील अँटवर्प येथे पोलिश ज्यू कुटुंबात जन्मलेले कोल्टानोव्स्की वयाच्या चौदाव्या वर्षी, वडील आणि भाऊ यांचे डाव पाहून हा खेळ शिकले आणि पुढे चार वेळा बेल्जियमचे विजेते झाले. त्यांची खरी ख्याती मात्र पट न पाहता खेळण्यात होती. या प्रकारात प्रतिस्पर्ध्याची प्रत्येक चाल तोंडी सांगितली जाते आणि खेळाडूला सर्व मोहऱ्यांच्या जागा केवळ स्मरणात ठेवून उत्तर द्यावे लागते. १९३७ मध्ये एडिंबरा येथे त्यांनी असे ३४ डाव एकाच वेळी खेळून त्यांपैकी २४ जिंकले, १० बरोबरीत सोडवले आणि त्या काळचा जागतिक विक्रम प्रस्थापित केला.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते लॅटिन अमेरिकेच्या दौऱ्यावर असल्यामुळे बचावले. युरोपातील त्यांचे अनेक नातलग मात्र नाझींच्या वंशसंहारात बळी पडले. पुढे ते सॅन फ्रान्सिस्को येथे स्थायिक झाले आणि १९४८ पासून ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’ या दैनिकात त्यांनी सुरू केलेले बुद्धिबळाचे सदर फेब्रुवारी २००० मधील त्यांच्या निधनापर्यंत, म्हणजे सुमारे ५२ वर्षे, चालू राहिले.

लेखनाइतकेच महत्त्वाचे त्यांचे संघटनकार्य होते. हरलेल्या खेळाडूला बाद न करता, दर फेरीत शक्यतो समान गुण असलेल्यांची गाठ घालून देणारी स्विस पद्धत अमेरिकेत रूढ करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. या पद्धतीमुळे मोजक्या फेऱ्यांत शेकडो खेळाडूंची स्पर्धा घेता येते आणि नवख्यालाही शेवटपर्यंत खेळण्याची संधी मिळते. १९७५ ते १९७८ या काळात ते अमेरिकन बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष होते, तर १९८८ मध्ये त्यांना सन्माननीय ग्रँडमास्टर हा किताब मिळाला.

जगज्जेतेपदाच्या शर्यतीत कोल्टानोव्स्की कधीच नव्हते; तरीही आपली असामान्य स्मरणशक्ती त्यांनी लोकांना पटाकडे ओढण्यासाठी वापरली आणि खेळाचे ज्ञान वाचकांच्या घरापर्यंत सातत्याने पोहोचवले, म्हणून बुद्धिबळाच्या इतिहासात त्यांचे नाव विजेत्यांच्या बरोबरीने घेतले गेले पाहिजे.