गरम दूध गार दुधाला तापवते!

चहा फार गरम असला की आपण तो बशीत ओततो. चहा तोच, पण बशीत तो पसरतो, त्याचा थर पातळ होतो आणि हवेला लागणारा पृष्ठभाग वाढतो. म्हणून कपातल्यापेक्षा बशीतला चहा लवकर निवतो.

दुग्धशाळेत हेच काम फार मोठ्या प्रमाणावर करावे लागते. दुधातील रोगजंतू मारण्यासाठी ते ७२ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून निदान १५ सेकंद त्याच तापमानाला ठेवतात. हे झाले पाश्चरीकरण. परंतु काही जंतू यातूनही तगतात आणि दूध कोमट राहिले तर झपाट्याने वाढून ते नासवतात. म्हणून दूध लगेच ४ अंशांपर्यंत थंड करावे लागते. तासाला हजारो लिटर दूध कोणत्या बशीत ओतणार?

यासाठी रिचर्ड सेलिगमन यांनी १९२३ साली इंग्लंडमध्ये एक यंत्र पुढे आणले. त्याचे नाव पट्टिका उष्णता-विनिमयक. नाव अवघड, पण रचना सोपी आहे. स्टेनलेस स्टीलचे अनेक पातळ पत्रे पुस्तकाच्या पानांसारखे एकापुढे एक उभे करून घट्ट आवळलेले असतात. दोन पत्र्यांमध्ये काही मिलिमीटरचीच फट असते. एका फटीतून गरम द्रव वाहतो, तर शेजारच्या फटीतून थंड. कडेच्या रबरी पट्ट्यांमुळे ते एकमेकांत मिसळत नाहीत. पत्र्यांवर नागमोडी वळ्या असतात. त्यांमुळे द्रव घुसळला जातो आणि त्याचा प्रत्येक भाग पत्र्याला लागतो.

आता खरी गंमत पाहा. तापवलेले ७२ अंशांचे दूध थंड करायचे आहे आणि नुकतेच आलेले ४ अंशांचे कच्चे दूध तापवायचे आहे. मग एकाची उष्णता दुसऱ्याला का देऊ नये? दोन्ही समान प्रमाणात घेऊन एकाच दिशेने वाहू दिली, तर फार तर दोन्ही ३८ अंशांवर येतील. मग उष्णतेची देवघेव थांबेल.

पण ती विरुद्ध दिशांनी वाहू दिली तर? ७२ अंशांचे दूध ज्या टोकाने आत शिरते, त्याच टोकाने कच्चे दूध ६६ अंशांपर्यंत तापून बाहेर पडते. दुसऱ्या टोकाला गरम दूध १० अंशांपर्यंत उतरलेले असते, पण तिथे त्याला भेटते ते ४ अंशांचे दूध. म्हणजे सर्वत्र ६ अंशांचा फरक टिकून राहतो आणि उष्णता वाहतच राहते. कच्चे दूध ६८ अंशांनी तापवायचे होते. त्यांपैकी ६२ अंश फुकट मिळाले. इंधन लागले ते केवळ उरलेल्या ६ अंशांसाठी. थंड करण्याच्या खर्चातही तेवढीच बचत!

बिअर बनवतानाही हेच यंत्र लागते. मोड आणलेल्या सातूचा उकळता अर्क सुमारे २० अंशांपर्यंत निववल्यावरच त्यात यीस्ट घालतात, कारण गरम अर्कात यीस्ट मरते. परदेशांत घरी बिअर बनवणारे हौशी लोक यासाठी लहानसे यंत्र घेतात आणि अर्काच्या उलट दिशेने थंड पाणी सोडतात. या लहान यंत्राचे पत्रे बहुधा तांब्याने कायमचे सांधलेले असतात. ते उघडून घासता येत नसल्याने अर्क गाळूनच आत सोडावा लागतो.

स्वच्छता दुग्धशाळेतही तितकीच महत्त्वाची. दुधातील प्रथिने व कॅल्शियमचे क्षार तापलेल्या पत्र्यांवर साचतात. हे किटण उष्णतेची वाट अडवते. म्हणून काम आटोपल्यावर यंत्रातून कॉस्टिक सोड्याचे आणि मग सौम्य आम्लाचे द्रावण खेळवतात.

आणि एखाद्या पत्र्याला सुईच्या टोकाएवढे भोक पडले तर? कच्च्या दुधातले जंतू पाश्चरीकृत दुधात शिरतील! यावर एक साधी युक्ती आहे. पाश्चरीकृत दुधाचा दाब कच्च्या दुधापेक्षा नेहमी जास्त ठेवतात. मग गळती झालीच, तर शुद्ध दूध कच्च्यात जाईल. कच्चे दूध शुद्धात येणार नाही.