फीडर अडला की लाइन अडते

उमरग्याहून आयटीआय-डिप्लोमा करून पुण्याकडे निघालात? मग हे वाचाच. रांजणगावच्या इलेक्ट्रॉनिक्स क्लस्टरला २०२२ मध्ये केंद्राची मंजुरी मिळालीय. अशा कामात सर्किट बोर्डवर पार्ट मशीन बसवतं, पण मशीनला ते पुरवतो फीडर. पट्टीच्या खणांत बसलेले, काही तर जेमतेम १ बाय ०.५ मिलिमीटरचे. तिळाहून लहान!

‘पिक-अप एरर’ आला की नवखा रिसेट दाबत सुटतो. एरर जातो, दुखणं राहतं आणि लाइन पुन्हा थांबते.

आधी पट्टीचं अंतर बघा. पार्ट दर २ मिलिमीटरवर आणि फीडर ४ वर सेट असेल, तर एकाआड एक पार्ट गुपचूप वाया जातो. उलट असेल तर दर दुसरी उचल रिकामी. वरची फिल्म नीट सुटतेय ना, दातेरी चाकात चुरा अडकलाय का, तेही बघा.

तरी कळेना? मशीन थांबवून फीडर दुसऱ्या स्लॉटला लावा, प्रोग्राममध्येही तसं बदला. एरर सोबत गेला तर दोष फीडरचा किंवा पट्टीचा, तिथंच राहिला तर स्लॉटचा. घरी बल्ब दुसऱ्या होल्डरला लावून बघतो ना, तेच डोकं. आणि एकच नॉझल सगळ्या फीडरवर चुकत असेल, तर फीडरला हात लावू नका. नॉझल साफ करा.