बालकांची वाढ, फ्लोराइड आणि टाकळा

आदिवासींच्या आरोग्यविषयक संशोधनासाठी १९८४ साली जबलपूर येथे केंद्र स्थापन झाले. त्याच्या कार्यापैकी मंडला जिल्ह्यातील तिलईपानी व हिरापूर या गावांचा अभ्यास विशेष उद्बोधक होय. तेथील अनेक बालकांचे गुडघे आत वळून परस्परांस भिडत. या विकृतीविषयीचे निष्कर्ष तापस चकमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केले.

विकृतीचे मूळ हातपंपाच्या पाण्यातील फ्लोराइडमध्ये होते; परंतु आहारातील उणिवेनेही तिला बळ दिले. कॅल्शियम अपुरे पडले, की रक्तातील त्याचे प्रमाण राखण्यासाठी परावटू ग्रंथींचा स्राव वाढतो व अस्थींतील कॅल्शियम काढून घेतले जाते. अशी दुर्बल, वाढती अस्थी शरीराचा भार सोसताना वाकते.

म्हणून सुरक्षित पाण्याबरोबरच कॅल्शियमयुक्त आहारावर भर देण्यात आला. त्यात परिसरात सहज उगवणारी चकोड्याची भाजी होती. संस्कृतातील चक्रमर्द व मराठीतील टाकळा तो हाच. पथ्य सांगणाऱ्यास हे स्थानिक नाव ठाऊक नसेल, तर दारातले औषधही बालकाच्या ताटात पोहोचत नाही. वनस्पतींच्या लोकनामांची नोंद हे केवळ कोशकाराचे कार्य नव्हे, ते यामुळेच.