गवतात दडलंय काय काय!

पाऊस पडला की अंगणात, बांधावर, कुंडीत, गच्चीच्या भेगेतही गवत उगवतं. आपण ते उपटतो आणि विसरतो. पण या हिरव्या मंडळींचे उद्योग भारी आहेत!

डायनोसॉरच्या ताटातलं गवत
चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा इथे डायनोसॉरची दगड झालेली विष्ठा सापडते. तिच्यात गवताच्या पेशींमधले सिलिकाचे बारीक कण आढळल्याचं संशोधन 2005 साली प्रसिद्ध झालं. तोवर गवत डायनोसॉरनंतर आलं, असाच सर्वसाधारण समज होता. पात्याने सर्रकन बोट कापतं ना? त्यामागेही हेच सिलिका!

कापा, खुशाल कापा
झाडाचा शेंडा खुडला की ती फांदी थबकते. गवताचा वाढीचा कोंब मात्र बुडाशी, जमिनीलगत असतो. म्हणून शेळीने ओरबाडलं, विळा फिरला, तरी पातं पुन्हा वर येतं. हिरवळ राखणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं : एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये. त्याहून खाली छाटलं की मुळांची वाढ खुंटते आणि मोकळ्या जागेत तण घुसतं.

गणपतीची लाडकी, शेतकऱ्याची दुश्मन
दूर्वा म्हणजेच हरळी. देवघरात जुडी, मैदानात हिरवळ आणि शेतात डोकेदुखी! ती जमिनीवरून धावते आणि जमिनीखालूनही. ओल्या रानात नांगर घातला की तिच्या काशांचे तुकडे होतात आणि तुकड्यागणिक नवी हरळी उभी राहते. म्हणून जाणते शेतकरी उन्हाळ्यात खोल नांगरट करतात, काशा उन्हात वाळवतात आणि वेचून काढतात.

नावाचं गवत
काँग्रेस गवत, म्हणजे गाजर गवत, हे गवतच नाही. ते सूर्यफुलाच्या कुळातलं आहे. मूळचं अमेरिका खंडातलं हे तण 1950च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलं आणि पुढे देशभर पसरलं. ते फस्त करायला 1980च्या दशकात मेक्सिकोतून भुंगेरेही आणले! लव्हाळाही गवत नव्हे. त्याचा दांडा बोटांत फिरवून बघा, तीन कडा लागतील. त्याच्या जमिनीतल्या सुगंधी गाठी म्हणजे नागरमोथा. शेतात शिव्या खाणारा हा गडी दिवाळीच्या उटण्यात मानाने बसतो.

स्वतःला पेरणारं बी
माळावरून फिरून आलं की मोज्यांत कुसळं घुसतात. ती कुसळी गवताची बियाणी. कुसळाची शेपटी ओल लागली की उलगडते, वाळली की पीळ घेते. या फिरण्याने टोकदार बी मातीत शिरतं आणि उलट्या केसांमुळे मागे सरकत नाही. पेरायला कुणी नको, पाभर नको!

वास काढणारा चोर
ज्वारीतला टारफुला दिसतो नाजूक, पण मुळावर बसून रस शोषतो. त्याचं बारीक बी वर्षानुवर्षं मातीत दबा धरून राहतं आणि यजमान मुळांतून पाझरणाऱ्या रसायनाची चाहूल लागली की रुजतं. गंमत म्हणजे कपाशीची मुळंही त्याला चकवतात. बी रुजतं, पण चिकटायला जमत नाही, म्हणून उपाशी मरतं. फेरपालटाचा हा छुपा फायदा.

टाकळा सांगतो कुरणाची कथा
पावसाळ्यात आपण टाकळ्याची भाजी चवीने खातो, गुरं मात्र हिरव्या टाकळ्याला तोंड लावत नाहीत. म्हणून फार चराई झालेल्या रानात मारवेल, पवन्या अशी सकस गवतं संपतात आणि टाकळा माजतो. पडीक जागेत तोच तो दिसला, तर कुरणाला विश्रांती हवी असं समजा.

खाई की देई?
‘तण खाई धन’ ही म्हण सर्वांच्या तोंडी. कोल्हापूरचे शेतकरी प्रताप चिपळूणकर यांनी मात्र पुस्तकाचं नावच ठेवलं ‘तण देई धन’! मुळं जमिनीतच कुजू दिली की जिवाणूंना खाद्य मिळतं, सेंद्रिय कर्ब वाढतो आणि मुळांच्या रिकाम्या वाटांतून हवा-पाणी खेळतं. फक्त तण फुलावर येण्याआधी कापा. बी पडलं, की धन राहिलं बाजूला, पुढच्या पावसात खुरपणीची मजुरी ठरलेली!