रस्त्याला लागलेली जमीन

कोरेगाव भीमा मागे पडलं की नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांना शटरांची रांग लागते. सणसवाडी गेली, शिक्रापूर आलं, तरी रांग काही संपत नाही. खाली मेडिकल, हार्डवेअर, मोबाइलचं दुकान. दोन गाळ्यांच्या मधून एकच माणूस जेमतेम चढेल असा जिना, जिन्याच्या तोंडाशी विजेच्या मीटरांची फळी. पहिल्या मजल्यावर क्लास, त्याच्यावर कामगारांच्या खोल्या. गॅलरीत कंपनीचे निळे शर्ट वाळत घातलेले, गच्चीवर काळ्या टाक्या. पाळी सुटायच्या वेळी खालच्या खानावळीत पोळ्यांचा तवा तापलेला असतो.

पुण्या-मुंबईच्या जाहिरातींत अशाच रचनेला ‘मिक्स्ड-यूज’ म्हणतात. मुंबईत त्यामागचं कारण उघड आहे. तिन्ही बाजूंनी समुद्र असलेल्या शहरात गिरण्या बंद पडल्या, तेव्हा त्यांच्याच जागेवर मॉल, कचेऱ्या आणि राहते मनोरे एकमेकांना खेटून उभे राहिले. शिरूर तालुक्यात मात्र या इमारतींच्या मागे उसाचे फड लागतात. मग इथे माणसं एकावर एक का राहू लागली? जमीन भरपूर असली तरी रस्त्याला लागलेली जमीन थोडी आहे, म्हणून.

1990 च्या दशकात रांजणगावला एमआयडीसी आली, परगावची माणसं आली, त्यांना खोली हवी होती आणि खोलीजवळ किराणा. 40 गुंठ्यांचा एकर, पण भाव ठरतो तो रस्त्याकडच्या रुंदीवर. पहिल्या पट्ट्यातला शेतकरी गाळे बांधतो. त्याच्या मागच्याला पूर्वीसारखीच बांधावरची वाट.

दौंडची घडण वेगळी. 1878 मध्ये मनमाडचा फाटा सुरू झाला आणि दौंड जंक्शन झालं. रेल्वेने आपल्या माणसांसाठी क्वार्टर्स बांधले. तिथे नुसतं राहायचं, बाजाराला बाहेर जायचं. रस्ता बाजाराला दोरीसारखा लांब ओढतो, स्टेशन त्याची गाठ मारतं. त्यामुळे दौंडमध्ये पायी फिरून कामं उरकतात. शिरूरला रेल्वे नाही, तिथे सगळा भार महामार्गावर. मला ही गाठ दोरीपेक्षा चांगली वाटते. महामार्गाच्या कडेला भाजी घ्यायला उतरलेली बाई ट्रकच्या वाऱ्यात उभी असते, हे मी शिक्रापूरला कितीदा पाहिलंय, आणि दर वेळी जीव वर येतो.

खाली दुकान, वर घर ही आपली जुनीच रीत. पेठेतल्या वाड्याचा दर्शनी भाग दुकानाला आणि आतला चौक घराला असे. पण वाड्यासमोरच्या गल्लीत पोर खेळू शकत होतं. आजच्या इमारतीला ती गल्ली राहिलेली नाही. डिसेंबर 2020 मध्ये राज्याच्या बहुतेक भागासाठी एकच बांधकाम नियमावली आली. निवासी भागात दुकानांना किती मुभा द्यायची, हे तीही रस्त्याच्या रुंदीकडे बघूनच ठरवते. म्हणजे रस्ते आत न्या, की दुकानंही आत जातील.

हडपसरला हे झालेलं आहे. मगरपट्ट्यात सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी 400 एकरांहून अधिक जमीन एकत्र केली, ती विकून न टाकता तिचे भागधारक झाले. आत रस्ते काढले आणि त्यांच्या कडेने घरं, शाळा, दवाखाना, आयटी कंपन्या असं सारं वसलं. एवढी एकी सगळीकडे जमेल असं नाही. भाऊबंदकीत सातबारा अडकलेला असतो. पण नगररचना योजनेची वाट कायद्यात 1915 पासून आहे. सगळ्यांच्या जमिनी एकत्र मांडायच्या, रस्ते, बागा आणि गटारं आधी आखायची, आणि प्रत्येकाला थोडा लहान पण रस्त्याला लागलेला तुकडा परत द्यायचा. शिरूर आणि दौंडचा काही भाग 2015 साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात (पीएमआरडीए) आहे, तेव्हा ही आखणी करणारी यंत्रणाही आहे. इमारती उभ्या राहण्याआधी ती झाली पाहिजे. एकदा शटरं बसली की मधून रस्ता काढायला कोणी देत नाही.

रस्त्यापासून दोन शेतं आत ज्याची तीन एकर आहे, त्याच्यापर्यंत बारा मीटरचा रस्ता पोचला तर तिथेही खाली दुकान, वर घर उभं राहील, आणि समोर ट्रक नसतील. आज तिथे गाडीवाटेची चाकोरी आहे. पावसाळ्यात तीही पाण्याखाली जाते.