वर्षाचं धान्य आणि सवलतीची पाकिटं

अहिल्यानगर जिल्ह्यात रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, मागोमाग गहू येतो. आवक वाढली की भाव सहसा उतरतात. कोणत्याही मॉलच्या महासेलपेक्षा स्वस्त साठ्याची ही संधी मोठी.

बचत करातही होते. १८ जुलै २०२२ पासून वेष्टनबंद, लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या धान्य-डाळींवर ५ टक्के जीएसटी लागू झाला. सुट्या मालाला आणि ३० किलोच्या कट्ट्याला तो नाही. म्हणून दोन-तीन घरांनी मिळून नगरच्या दाळमंडईतून कट्टा आणून वाटून घेणं परवडतं.

स्वस्तात घेतलेलं किड्यांनी खाल्लं तर काय उपयोग? धान्याला कडक ऊन द्यावं, पण पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरावं. गरम भरलं तर आत वाफ धरते, बुरशी येते. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात लावतात. काही जण सेल्फॉसच्या गोळ्या टाकतात. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू जीव घेतो. राहत्या घरात त्या नकोतच.

कूपन, ‘एकावर एक मोफत’ वगैरे साबण, धुण्याची पावडर, चहा यांसाठी ठीक. तिथंही छापील किमतीवरची सूट पाहू नये, किलोमागचा दर काढावा. मोठं पाकीट दरवेळी स्वस्त नसतं. रवा, शेंगदाणे, तेल मात्र सवलत कितीही असली तरी महिन्या-दोन महिन्यांपुरतंच घ्यावं. रव्यात अळ्या होतात, शेंगदाणे आणि तेल खवट होतं.