कडा चढणाऱ्यांनी योगासने करावीत की पिलाटेस?

गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी माझ्या दवाखान्यात दोघे तरुण एकत्र आले. दोघेही सुट्टीच्या दिवशी प्रस्तरारोहण करणारे, म्हणजे दोराच्या संरक्षणात उभा कातळ चढणारे. मुलगी महाविद्यालयात शिकते. तिची तक्रार उजव्या खांद्याची होती. वर लांब हात घालून पकड घेतली आणि अंगाचा भार त्या हातावर आला, की खांदा निसटतो की काय, असे तिला वाटे. मुलगा वडिलांच्या दुकानात खताची पोती उचलणारा, अंगाने दणकट. पण कमरेइतक्या उंचीवरच्या खाचेत त्याचा पाय जात नसे. मग तो सगळे अंग हातांवर ओढून घेई आणि थोड्याच वेळात त्याचे हात भरून येत.

‘‘काका, ही वर्षभर योगासनं करते, तरी हिचा खांदा दुखतोच. माझा मुंबईचा मित्र म्हणतो, पिलाटेस करा. आम्ही नक्की काय करायचं?’’ मुलाने विचारले.

दोघांना तपासल्यावर मी दोघांना वेगवेगळी उत्तरे दिली. ती का, हे वाचकांनाही उपयोगी पडेल असे वाटते. आपल्याकडे कोकणकडा, तैलबैला, लिंगाणा, खंडाळ्याची नागफणी अशा ठिकाणी चढणारी मुले पूर्वीपासून आहेत. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये कृत्रिम भिंतीवरील चढाईचा प्रथमच समावेश झाला. त्यामुळे या खेळाकडे मुलांचा ओढा वाढला, तर नवल नाही.

कातळ काय मागतो?

कडा हातांच्या जोरावर चढायचा असतो, हा पहिला गैरसमज. जाणता चढणारा पायांवर चढतो आणि हातांनी तोल सांभाळतो. त्यासाठी खुबे मोकळे हवेत, म्हणजे पाय उंच जातो आणि अंग कातळाला चिकटून राहते. पोट व कमरेचे स्नायू बळकट हवेत, नाहीतर पाय सुटून अंग झोपाळ्यासारखे बाहेर झुलते. खांद्याचे पाते जागेवर धरून ठेवणारे स्नायू सशक्त हवेत. आणि श्वास चालू राहिला पाहिजे. घाबरलेला माणूस श्वास रोखतो, मूठ गरजेपेक्षा घट्ट आवळतो. आवळलेल्या स्नायूंत रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त कमी पोहोचते आणि हात भरून येतात.

पिलाटेस म्हणजे काय?

जोसेफ पिलाटेस हे १८८३ साली जर्मनीत जन्मलेले गृहस्थ. लहानपणी प्रकृतीने अशक्त होते. पहिल्या महायुद्धात ते इंग्लंडमध्ये होते आणि जर्मन म्हणून त्यांना तेथे स्थानबद्ध करण्यात आले. १९२६च्या सुमारास ते न्यूयॉर्कला गेले. त्यांच्या व्यायामशाळेत पुढे नर्तक-नर्तिका येऊ लागल्या. आपल्या पद्धतीला ते ‘कंट्रोलॉजी’ म्हणत, म्हणजे शरीरावर ताबा मिळवण्याची विद्या. १९४५च्या त्यांच्या पुस्तकात सतरंजीवर करायचे ३४ व्यायाम आहेत. शहरांत स्प्रिंगच्या महागड्या यंत्रांवर हे व्यायाम शिकवतात, पण आरंभाला साधी सतरंजी पुरते. यात पोट व कमर स्थिर ठेवून हात-पाय सावकाश, मोजून हलवायचे असतात. म्हणजे हालचाल चालू आणि मधला खांब जागेवर. चढाईत नेमके हेच लागते.

योगासनांनी काय मिळते?

योगाचा मूळ हेतू खेळाची तयारी हा नव्हे. तरीही चढणाऱ्याला त्यातून तीन गोष्टी मिळतात. बद्धकोणासन, मालासन, वीरभद्रासन यांनी खुबे मोकळे होतात. वृक्षासनासारख्या आसनांनी तोल सुधारतो. आणि अवघड स्थितीतही श्वास संथ ठेवण्याची सवय लागते. चौथा लाभ सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. चढताना आपण सतत ओढत असतो. चतुरंग दंडासन आणि सूर्यनमस्कार यांत ढकलावे लागते. त्यामुळे छाती व दंडाच्या मागच्या स्नायूंनाही काम मिळते.

मग दोघांना वेगळे उत्तर का?

मुलीचा अंगठा वाकवला तर मनगटाला टेकत होता. कोपर सरळ केले तर मागे झुकत होते. तिचे सांधे जन्मतःच सैल. अशा मुलीला आसने चटकन जमतात, शाबासकी मिळते आणि ती आणखी ताणत जाते. तिला ताण नको होता, ताबा हवा होता. तिला मी पिलाटेस सांगितले आणि खांद्याच्या पात्याच्या व्यायामांसाठी फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. मुलाला ताकद भरपूर, पण खुबे लाकडासारखे. त्याला योगवर्गाला धाडले. योग वाईट म्हणून तिचा खांदा दुखत नव्हता. तिच्या उणिवेवरचे औषध ते नव्हते, एवढेच.

घरच्या घरी दोन चाचण्या

पहिली : भिंतीला पाठ टेकून उभे राहा. हात न लावता एक गुडघा जेवढा वर जाईल तेवढा न्या. मग हातांनी धरून आणखी वर ओढा. हातांनीही गुडघा फारसा वर येत नसेल, तर अंग आखडलेले आहे, योगासने करा. हातांनी तो छातीपर्यंत येतो, पण स्वतःच्या बळावर मध्येच अडतो, तर लवचिकपणा आहे, बळ नाही, पिलाटेस करा.

दुसरी : उताणे झोपून दोन्ही गुडघे काटकोनात वर धरा. एक टाच सावकाश जमिनीला टेकवा आणि परत वर घ्या. मग दुसरी. असे करताना कमरेची कमान होऊन ती जमिनीपासून उचलली जात असेल, तर पोटाचे स्नायू कमी पडतात. येथेही पिलाटेसचा उपयोग अधिक.

दोन्ही चाचण्या नीट जमल्या, तर ज्याचा शिक्षक चांगला आणि वर्ग घराजवळ, ते निवडा. लहान गावात योगशिक्षक सहज मिळतो, ही काही थोडी सोय नव्हे.

दोन्हींत न मिळणारी गोष्ट

बोटांची पकड आणि अंग वर ओढण्याची ताकद यांपैकी कशानेच पुरेशी येत नाही. ती चढूनच येते आणि हळूहळू येते. परकराच्या नेफ्यातून नाडी जावी, तशा बोटांतल्या कंडरा बारीक कड्यांतून जातात. स्नायू काही आठवड्यांत बळावतात, पण या कंडरा व कड्यांना अनेक महिने लागतात. उत्साही मुलांची बोटे दुखावतात ती याच काळात. बोटात ‘कट्’ असा आवाज येऊन सूज आली, तर चढाई तेथेच थांबवावी आणि डॉक्टरांना दाखवावे.

वेळापत्रक आणि काळजी

आठवड्यातून दोन दिवस चढाई, दोन दिवस अर्धा-अर्धा तास निवडलेला व्यायाम आणि किमान एक दिवस पूर्ण विश्रांती, एवढे नवशिक्याला पुरे. चढण्यापूर्वी पाच-सहा सूर्यनमस्कार घालून अंग गरम करावे. एकेका स्नायूला मिनिटभर वा अधिक ताण देणारी आसने मात्र चढाईनंतर करावीत, कारण लांब ताणानंतर स्नायूंचा जोर काही वेळ कमी पडतो. मानेचे दुखणे असणाऱ्यांनी शीर्षासन टाळावे. मणक्याच्या चकतीचा त्रास किंवा हाडे ठिसूळ झालेली असल्यास पाठ गोल करून उठण्याचे पिलाटेसचे प्रकार करू नयेत. रक्तदाबाचे रुग्ण व गर्भवती स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

पावसाळ्यात कातळ ओला असतो आणि चढाई बंद असते. ते चार महिने दोघांनीही आपापला व्यायाम नेमाने केला. दिवाळीनंतर दोघे पुन्हा भेटायला आले. मुलाचा पाय आता कमरेच्या खाचेत जातो. मुलीचा खांदा पूर्ण बरा झाला, असे मी म्हणणार नाही. पण निसटण्याची भीती गेली आहे आणि लांबची पकड घेण्याआधी पाय नीट रोवायला ती शिकली आहे. जाताना म्हणाली, ‘‘काका, आता याला माझं पिलाटेस करायचंय आणि मला याच्या वर्गाला जायचंय.’’

मी म्हटले, ‘‘जरूर करा. पण आधी आपलं दुखणं ओळखा, मग दुसऱ्याचं औषध मागा.’’